बोलतो तांडेल, शेकतो खलाशी

गावात मोबाइलचा टॉवर येणार म्हटलं की कॅन्सरची चर्चा रंगते. पण देवगड-मालवणच्या एखाद्या ट्रॉलरवर व्हीएचएफ रेडिओ सेटची एरियल खलाशाच्या कानाशीच ठोकलेली असली, तर तिच्याविरुद्ध कुणी निवेदन देत नाही. टॉवरला सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशात राहावं लागतं, शिवाय तो असतो लांब. सेट मात्र पूर्ण ताकदीवर 25 वॅट फेकतो, तेही 156 मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे सुरक्षेच्या मर्यादा सर्वांत कडक असलेल्या पट्ट्यात. ऐकताना धोका शून्य. लहरी निघतात त्या बटण दाबून बोलताना. म्हणजे गजाली मारणार केबिनमधला तांडेल, आणि शेकणार एरियलला टेकून उभा असलेला खलाशी!

कुणी म्हणेल, सेट जीव वाचवतो. वाचवतोच, पण चॅनेल 16 वरची संकटाची हाक क्षणांची असते, आणि मर्यादा मिनिटांच्या सरासरीवर मोजतात. हाक निर्धोक, गजाली लांबलचक. दुसरा म्हणेल, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये रेडिओलहरींना ज्या 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं, त्यातच आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. कबूल. इथे प्रश्न कॅन्सरचा नाहीच, सिद्ध झालेल्या उष्णतेचा आहे. अंतर दुप्पट केलं की मारा साधारण चौथाईवर येतो. एरियल काठीच्या टोकाला नेली तर खलाशी सुटतो, वर आवाजही लांब जातो. जवळच्या बोटीसाठी सेटवर 1 वॅटची सोय असते. तिचा दोष एवढाच, की मासळी कुठे लागली ही 'गुप्त' बातमी मग शेजारच्या बंदरापर्यंत पोचत नाही.