तेलाला हुडहुडी

पुणेकराला गाडीच्या इंजिनाची काळजी वाटते ती मे महिन्यात. काकांना ती बारमाही वाटते. भोसरीच्या एका कारखान्यातून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेल्या काकांकडे तेराशे सीसीची मारुती जिप्सी आहे. १९८५ साली भारतात आलेली आणि २०१९ साली उत्पादन थांबलेली ही गाडी लष्कराने सीमेवर राबवली, रॅलीवाल्यांनी हिमालयात आपटली. काका ती कोथरूडहून मंडईत नेतात.

उन्हाळ्यात वरंध घाट चढताना तेलाच्या तापमानाचा काटा १२५ अंशांवर गेला आणि काकांची झोप उडाली. महिनाभरात जिप्सीच्या जाळीमागे रॅलीच्या गाडीला शोभेल असा ऑइल कूलर आला. त्याची व्यवस्था साधी असते. इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्या मध्ये एक जाड चकती बसते, तिला सँडविच प्लेट म्हणतात. तिच्यातून तेल एका होजने समोरच्या कूलरमध्ये जातं, वारा खातं आणि दुसऱ्या होजने परत येतं. मे महिन्यात या वाऱ्याचा उपयोग होतो. काकांनी महाबळेश्वरला जायचं ठरवलं ते डिसेंबरात.

पहाटे साडेपाचला मंडळी निघाली. जिप्सीला कापडी टप आणि टपाच्या प्रत्येक फटीतून वेगळ्या दिशेचा वारा. पुढे शाल, स्वेटर आणि कानटोपी अशा तिहेरी तटबंदीत काकू, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मागच्या आडव्या बाकावर मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेला पुतण्या, पाय पोटाशी घेऊन. कात्रजचा बोगदा ओलांडला तेव्हा रेडिएटरच्या पाण्याचा काटा मध्यावर स्थिरावला होता आणि तेलाचा काटा ४२ वर होता.

"बघितलंस? कसं गार ठेवलंय!" काका म्हणाले.

पाणी लवकर तापतं, तेलाला त्याहून बराच वेळ लागतो, म्हणून खेड शिवापूरपर्यंत कोणी काही बोललं नाही. शिरवळ आलं तरी काटा ५८ वर. खंबाटकी घाटाच्या चढाला त्याने ७४ पर्यंत धाव घेतली आणि घाट उतरताना पुन्हा पन्नाशीत येऊन बसला. पुतण्या अस्वस्थ झाला. काका मात्र शेजारच्या ऑइल प्रेशरच्या काट्यावर खूश होते. तो कधी नव्हे इतका वर होता.

"काका, तेल घट्ट आहे म्हणून प्रेशर जास्त दिसतंय," पुतण्या म्हणाला. "आपलं तेल २०डब्ल्यू-५०. शंभर अंशांना जेवढं पातळ असतं, त्याच्या आठ-नऊ पट घट्ट ते चाळीस अंशांना असतं. पंपाला ते ढकलावं लागतंय. पेट्रोल उगाच जळतंय."

पेट्रोलचा विषय निघताच काकांनी पहिल्यांदा मान वळवली.

सुरूर फाट्याला वळून गाडी वाईत शिरली. मिसळ होईपर्यंत शेजारच्या गॅरेजातल्या मेस्त्रींना गाडी दाखवायचं ठरलं. मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, तेल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि ते प्रेताचं तोंड दाखवावं तसं काकांपुढे धरलं. झाकणाच्या आतून चहाच्या रंगाचा, दाट, दुधाळ फेस लागला होता.

"हेड गॅस्केट गेलंय बगा. पानी तेलात उतरलंय. हेड खोलावं लागंल. दोन दिवस ऱ्हावा वाईत, गणपतीचं दर्शन घ्या."

काकांचा चेहरा पडला. काकू मात्र मिसळीचा शेवटचा घास संपवून उठल्या आणि त्यांनी तोंडी परीक्षा सुरू केली. रेडिएटरच्या बाटलीतलं पाणी कमी झालंय का? नाही, खुणेवर आहे. तेलाची कांडी काढा. कांडीवरचं तेल स्वच्छ, पातळीही वाढलेली नाही. गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय का? नाही. फेस फक्त झाकणालाच आहे ना? हो.

"मग गॅस्केट कुठलं गेलंय? हे पेट्रोलचं पाणी आहे," काकू म्हणाल्या.

मेस्त्रींनी पेट्रोल पंपाच्या दिशेने संशयाने पाहिलं. पण यात भेसळीचा प्रश्न नव्हता. पेट्रोलमधल्या हायड्रोजनला ऑक्सिजन मिळाला की पाणी होतं, आणि एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरातून निघून जातं. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांवरून निसटून खाली तेलाच्या भागात उतरते. तेल नव्वद-शंभर अंशांच्या घरात असेल तर हे पाणी तिथे टिकत नाही, वाफेच्या रूपात बाहेर काढलं जातं. तेल पन्नास-साठ अंशांवर रेंगाळलं की थंड झाकणाखाली वाफेचं पाणी होतं, ते तेलात घुसळलं जातं आणि फेस जमतो. न जळलेलं पेट्रोलही तेलातच मुक्काम करतं. असंच चालू राहिलं तर तेलाचा गाळ होतो आणि बेअरिंगं झिजतात. तापलेलं इंजिन निदान आरडाओरडा करतं, वाफा सोडतं, रस्त्यात बंद पडतं. गार तेल हे सगळं बिनबोभाट करतं.

मेस्त्रींनी झाकण पुसून लावलं आणि पैसे घेतले नाहीत. "काटाच खोटा असंल," असा मोफत सल्ला मात्र दिला. काकांना तो फार आवडला. त्यांच्या कूलरवरचा आळ त्यामुळे काट्यावर गेला होता.

पसरणीचा घाट चढताना काटा ७८ वर गेला. पाचगणीच्या सपाटीला लागताच पुन्हा घसरला. तिथे एका चहाच्या टपरीशी गाडी लावून काट्याची चौकशी बसली. इंजिन निवेपर्यंत दोन-दोन चहा झाले. मग पुतण्याने तेलाच्या होजमधला सेन्सर खोलला, भोकात तयार ठेवलेला बोल्ट फिरवला, तरी तळहातभर तेल काकांच्या पँटवर गेलंच. सेन्सरच्या दोन्ही वायरी लांब होत्या. टपरीवाल्या भाऊंकडून एक पोचे आलेलं पातेलं भाड्याने घेतलं, त्यात पाणी खळाखळा उकळलं आणि बॉनेटच्या तोंडाशी आणून त्यात सेन्सर बुडवला. महाबळेश्वरला आलेली दोन जोडपी फोटो काढायला थांबली.

काटा चढत चढत ९६ वर थांबला.

"सापडला! चार अंश खोटा!" काका ओरडले.

"अहो, पाचगणी बाराशे-तेराशे मीटर उंच आहे. इथे पाणी शंभरला उकळतच नाही, शहाण्णवच्या आसपास उकळतं," काकू म्हणाल्या. "तुमचा काटा अगदी खरा आहे."

काटा निर्दोष सुटला. पण तो बसला कुठे होता? पुतण्याने होज बोटाने माग काढत तपासला. सेन्सर कूलरमधून परत येणाऱ्या होजमध्ये, म्हणजे तेल गार होऊन आल्यानंतरच्या जागी लावला होता. तिथे आकडा कमीच दिसणार. इंजिनाच्या आतलं तेल त्याहून थोडं गरम असणार. एवढ्याने सगळा उलगडा मात्र होत नव्हता, कारण झाकणाखालचा फेस काही काट्याने काढला नव्हता.

सेन्सर जागच्या जागी बसवून गाडी पुन्हा सुरू केली. पाचच मिनिटांनी काकूंनी शालीतून हात काढून जाळीतून कूलरवर ठेवला. तो कोमट होता. पुतण्याने दोन्ही होज चाचपले, तेही कोमट. तेल चाळिशीतही नव्हतं आणि तरी सगळंच्या सगळं कूलरमध्ये फेरफटका मारून येत होतं. सँडविच प्लेटमध्ये थर्मोस्टॅट असता तर असं झालं नसतं. त्यातली मेणाची कुपी साधारण ऐंशी अंशांपर्यंत आखडून राहते, तोवर तेल परस्पर इंजिनात परततं आणि नाममात्र धार तेवढी कूलरकडे जाते. ऐंशीच्या पुढे मेण फुगतं, झडप सरकते आणि मग कूलरचं काम सुरू होतं. म्हणजे गार तेलावर कूलर हाताला गारच लागायला हवा.

काकूंनी डॅशबोर्डच्या खणातून कूलरचं बिल काढलं. त्यावर दुकानदाराने लिहिलं होतं: थर्मोस्टॅटवाली प्लेट. ती ओळ काकांच्या निळ्या पेनाने खोडलेली होती.

"तेल गारच करायचं, तर मधे अडवणारा कशाला?" काका म्हणाले. "आणि हजार रुपये जास्त!"

आडव्या बाकावरून पुतण्याने विमानांचं उदाहरण दिलं. छोट्या सेसना विमानांना हिवाळ्यात हवेची वाट झाकणाऱ्या पट्ट्या लावतात, काही विमानांत थेट ऑइल कूलरचाच काही भाग झाकतात. काकांनी उत्तर भारतातले ट्रक आठवले, थंडीत जाळीवर गोणपाट बांधलेले. विमानाने जे जमलं नसतं ते गोणपाटाने साधलं. काका उपायाला तयार झाले.

गोणपाट मिळालं नाही, पण पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर डिसेंबरात स्ट्रॉबेरीच्या खोक्यांना तोटा नसतो. काकांनी दोन किलो स्ट्रॉबेरी घासाघीस करून घेतल्या, खोकं कापलं आणि कूलरचा निम्मा भाग पुठ्ठ्याने झाकून तारेने आवळला. मागे रेडिएटर असल्याने पाण्याच्या काट्यावर पुतण्याला पहारा दिला. खोक्याविना उरलेल्या स्ट्रॉबेरी काकूंच्या मांडीवर, पदरात. महाबळेश्वरला पोचताना तेल ७१ वर होतं. दुसऱ्या पहाटे वेण्णा तलावाकाठच्या गवतावर दवाचं हिमकणांत रूपांतर झालेलं पाहायला सगळं गाव लोटलं होतं. काका तिथेही जाळीतून पुठ्ठा सरकवून कूलर आता पाऊण झाकत होते. परतीला तेल ८२ वर आलं आणि पाणी मध्यावरच राहिलं. वाईत झाकण उघडून पाहिलं तेव्हा फेस बराचसा विरला होता. मेस्त्री म्हणाले, गणपतीची कृपा.

पुण्यात परतल्यावर काकांनी थर्मोस्टॅटवाली प्लेट आणली आणि सेन्सर तिच्यातल्याच भोकात, कूलरकडे जाण्याआधीच्या तेलात बसवून घेतला. दुकानदाराला त्यांनी मेणाच्या कुपीचं कार्य वीस मिनिटं समजावून सांगितलं आणि शंभर रुपये कमी करून घेतले. पुठ्ठा काढला.

चाचणीसाठी काका एकटेच पहाटे साताऱ्याच्या दिशेने निघाले. दर थोड्या अंतरावर थांबायचं, बॉनेट उघडायचं, कूलरला हात लावायचा. नवले पुलाशी गार. पुढच्या चढावर गार. बोगद्याच्या तोंडाशी तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मागे हॉर्नची रांग लागली आणि एक हवालदार धावत आले.

"काका, गाडी बंद पडली काय?"

"छे हो. एकदम उत्तम चाललीय," जाळीतला हात न काढता काका म्हणाले. "जरा तुम्हीपण हात लावून बघा, किती गार आहे!"

हवालदारांनी हात लावला. मग पाचशे रुपयांची पावती फाडली.