पडेल पहिलवान

मुंबईहून कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री बदलापूर मागे टाकून चामटोलीच्या शिवारातून वांगणीकडे निघून जाते आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ती वेळेवर कोल्हापूरला पोचली, ही बातमी कुठल्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापल्याचं ऐकिवात नाही. पण २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीने पात्र सोडून तिला चामटोलीजवळ गाठलं, चारी बाजूंनी मगरमिठी घातली आणि जागची हलू दिली नाही. आत सुमारे १,०५० प्रवासी. एनडीआरएफच्या रबरी बोटी आल्या, नौदल आलं, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागलं, आसपासच्या गावांतली माणसं मदतीला पाण्यात उतरली. सगळे सुखरूप बाहेर आले, म्हणून आज हे असं सांगायची सोय आहे: कुस्तीच्या पंढरीला निघालेली गाडी वाटेतच लोळवली गेली आणि तिचं नाव देशभर झालं ते तेव्हाच. लोळवणाऱ्या नदीला कोणी फेटा बांधला नाही. धूर, दिवे आणि लोखंडी खुर्च्यांच्या त्या टीव्हीवरच्या कुस्तीबद्दल, म्हणजे प्रोफेशनल रेसलिंगबद्दल, माझं म्हणणं नेमकं हेच आहे. त्यात डोळ्यांत भरण्याजोगी वैयक्तिक कामगिरी शोधायची असेल तर जिंकणाऱ्याकडे बघू नये. पडणाऱ्याकडे बघावं.

आपली नजर मात्र लहानपणापासून चुकीच्या माणसावर लावली गेली आहे. नव्वदच्या दशकात पोरांच्या खिशात रेसलिंगचे ट्रंप कार्ड असायचे. त्यांवर उंची, वजन, छाती, दंड, लढती आणि विजय असे रकाने होते. ‘किती देखणा पडतो’ हा रकाना नव्हता. एका अख्ख्या पिढीचं शिक्षण तिथेच बिघडलं. वास्तविक रिंगची जमीन म्हणजे लोखंडी सांगाड्यावर फळ्या, फळ्यांवर बेताचा फोम आणि वर ताणून बसवलेलं कापड. गादी म्हणायची ती केवळ उपचार म्हणून. तिच्यावर पाठीवर पडायचं तर हनुवटी छातीला टेकवावी लागते, श्वास सोडून द्यावा लागतो आणि दोन्ही हात पसरून फाडकन जमीन थोपटावी लागते. म्हणजे मार एका मणक्याच्या वाट्याला न येता भाऊबंदांत वाटला जातो, आणि इजेच्या मानाने आवाज दणदणीत होतो. नवशिक्याला आधी हे पडणं शिकवतात, मारणं मागाहून. त्यानंतरचं काम आणखी अवघड: लागलं आहे, हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला पटवून देणं. गुडघ्यावर मार बसला असेल तर दहा मिनिटांनी, जिंकायच्या ऐन क्षणी, तोच गुडघा आठवणीने लंगडला पाहिजे. चुकून दुसरा लंगडला तर पोटदुखीची रजा काढून डोकं धरून बसलेल्या मुलासारखी फजिती होते. या कामाला त्या धंद्यात ‘सेलिंग’ म्हणतात, म्हणजे चक्क विकणं. मारणारा माल तयार करतो, खपवायचा पडणाऱ्याने. उल्हासनगरच्या बाजारात हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. दुकानदार चादर उलगडून हवेत फडकवतो आणि गिऱ्हाईक भुलतं, तेव्हा चादरीने स्वतः काहीच केलेलं नसतं.

पुरावा मागाल तर घरचाच देतो. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईत फ्रीस्टाइल कुस्त्यांना तुडुंब गर्दी व्हायची, आणि त्या गर्दीचा देव होता दारासिंग. त्याने १९६८ साली मुंबईतच लू थेझसारख्या जगज्जेत्याला हरवलं. त्याच्या ताकदीबद्दल मला तिळभर शंका नाही. परंतु लोकांच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या राहिलेली गोष्ट वेगळी आहे. किंगकाँग नावाच्या, हंगेरीत जन्मलेल्या, सुमारे २०० किलोंच्या धिप्पाड मल्लाला दारासिंगने कसं उचललं, याची ती गोष्ट. आता हिशेब करा. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, आणि तो दुसऱ्या मजल्यावर नेताना धडधाकट जावईसुद्धा अचानक फोनवर बोलू लागतो. सिलिंडर बिचारा विरोध तरी करत नाही. २०० किलोंचा माणूस, ज्याला हातपाय आहेत आणि स्वतःचं मत आहे, त्याची मुळीच इच्छा नसताना खांद्यावर घेणं हे बळाचं नव्हे, क्रेनचं काम आहे. अशा वेळी उचलला जाणारा अंग कसं सोडतो, भार कुठे टाकतो, यावर निम्मी कुस्ती उभी असते. किंगकाँगने आपला देह आणि अब्रू दोन्ही दारासिंगच्या हवाली केली, म्हणून आपल्याला दारासिंग मिळाला. १९६२ साली दारासिंगचा एक सिनेमा निघाला, त्याचं नाव ‘किंगकाँग’. कर्जाची एवढी परतफेड पुरे.

दुसरा पुरावा खलीचा. दलिपसिंग राणा हा हिमाचलचा माणूस, आधी पंजाब पोलिसांत होता. उंची सात फुटांवर. मे २००६ मध्ये ‘जजमेंट डे’ नावाच्या कार्यक्रमात त्याने अंडरटेकर या नामांकित मल्लाला हरवलं, तेव्हा आपल्याकडे अनेकांची छाती अभिमानाने फुगली. फुगू द्यावी. पण तो सामना पुन्हा बघताना खलीकडे पाठ फिरवून बघावा. खली बहुतेक वेळ उभा आहे. अधूनमधून तो हात उचलतो आणि डोक्यावर ठेवतो. ठेवतो हेच क्रियापद खरं. तेवढ्यावर समोरचा उंचापुरा अंडरटेकर कधी ओंडक्यासारखा उभ्याउभ्या कोसळतो, कधी गुडघ्यांतून घडी होतो, कधी उठायला जातो आणि आपले पाय आपले नाहीत असं त्याच्या लक्षात येतं. मार एकच, पडणं दर वेळी वेगळं. गवयाने एकाच स्वरावरून चार वाटांनी समेवर यावं तसं. खलीची दहशत खलीच्या तळहातात नव्हतीच, ती अंडरटेकरच्या गुडघ्यांत होती.

इथे कोल्हापूरकर आखाड्यातून उठून येणार, हे मला ठाऊक आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान, हलगी, शड्डू, लाल माती, आणि त्यासमोर हा तमाशा ठेवता? पडणं ही कामगिरी? आमच्याकडे पाठीला माती लागू नये म्हणून पोरगं वर्षानुवर्षं जोर मारतं! त्यांचा राग योग्य आहे आणि मी तो मान्यही करतो. मातीत पडणारा मनापासून विरोध करत असतो, म्हणून तिथे ढाक टाकणाऱ्याची, कलाजंगावर घेणाऱ्याची कला निर्विवाद मोठी. तिथला कौतुकाचा नियम इथे लावू नये, एवढंच माझं मागणं. उलट लावून बघा म्हणजे कळेल. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामा पहिलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची जागतिक किताबासाठी खरीखुरी, शंभर नंबरी कुस्ती झाली. झिबिस्कोने ओळखलं की उभा राहिलो तर संपलो. तो पोटावर पालथा पडला आणि अडीच तास जवळजवळ तसाच पडून राहिला. गामाने लोटलं, ओढलं, उपटायला पाहिलं. गडी जमिनीला धरून. कुस्ती निकालाविना सुटली आणि आठवड्याने ठेवलेल्या फेरलढतीला झिबिस्को फिरकलाच नाही. १९२८ साली पतियाळ्यात पुन्हा गाठ पडली तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत चीतपट केलं. म्हणजे कुस्ती खरी असली की हा धोका असतो: पडणाऱ्याने मनावर घेतलं तर हजारो माणसं तिकीट काढून अडीच तास एका माणसाची पाठ बघतात. हे सुख बदलापूर लोकलमध्ये पासावर मिळतं.

मग येतो सगळ्यांचा आवडता आक्षेप: ‘अहो, पण ते खोटं असतं!’ हे वाक्य माणसं अशा चेहऱ्याने सांगतात, जणू गुप्तहेर खात्यातून आत्ताच निवृत्त झाली आहेत. खोटं आहे, हे या कुस्त्या भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीने स्वतःच १९८९ साली न्यू जर्सीच्या सिनेटला सांगून टाकलं. हा खेळ नव्हे, करमणूक आहे, म्हणून क्रीडा आयोगाची देखरेख आणि त्यापायी भरावे लागणारे पैसे आम्हाला नकोत, असं तिचं म्हणणं. पैसे वाचवण्यासाठी खोटं बोललेले धंदे आपण पुष्कळ पाहिले. पैसे वाचवण्यासाठी खरं बोललेला हा विरळा. आणि खऱ्या-खोट्याची एवढी मातब्बरी आमच्या तालुक्याच्या आसपास तरी कोणी सांगू नये. १९४९ साली सिंधी निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर नाव मिळालं आणि पुढे तिथल्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावायला सगळा महाराष्ट्र शिकला. तरीही त्या बाजारातून घेतलेली जीन्स अंगावर जीन्ससारखीच बसते. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही सगळं ठाऊक असेल तर त्याला फसवणूक म्हणत नाहीत, व्यवहार म्हणतात. फसवणूक नुरा कुस्तीत असते, कारण तिथे आतून ठरवून बाहेर खरेपणाची शपथ घेतलेली असते. त्या प्रकारासाठी रिंगची गरज नाही, निवडणुकीचा मोसम पुरतो. फुटबॉलमध्ये धक्का न लागता कोलांट्या खाणाराही लबाड, कारण त्याला पेनल्टी हवी असते. रेसलर पडतो तेव्हा त्याला स्वतःसाठी काहीच नको असतं. आमच्या कोकणात दशावताराच्या रात्री संकासुर येतो. काळा वेश, लोंबती लाल जीभ, मालवणीत वाटेल ते बोलून लोकांना लोळवतो, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. दर जत्रेला मरतो. विष्णू जिंकणार हे देवळातल्या घंटेलासुद्धा माहीत असतं. तरी लोक घोंगड्या घेऊन थंडीत बसतात, ते काय विष्णूसाठी?

खोट्याचा फारच तिटकारा असलेल्यांसाठी एक खरं पडणंही उपलब्ध आहे. २८ जून १९९८ ला पिट्सबर्गमध्ये मिक फोली, त्या वेळचं नाव मॅनकाइंड, रिंगभोवतीच्या पिंजऱ्याच्या सुमारे १६ फूट उंच छतावरून खाली समालोचकांच्या टेबलावर फेकला गेला. फेकणारा पुन्हा अंडरटेकरच. हा सामना सर्वश्रेष्ठांच्या अनेक याद्यांत असतो आणि हरलेला फोलीच लोकांना आठवतो, तेव्हा माझ्या बाजूने हा हुकमी एक्का मानायला हरकत नव्हती. पण मी त्याला वरचा नंबर देणार नाही. खरं पडायला कला लागत नाही, उंची लागते. आंब्याच्या झाडावरून पडणाऱ्याला आपण कलावंत म्हणत नाही. फोलीची कला पुढे आहे. स्ट्रेचरवर घालून नेत असताना तो उतरला आणि पुन्हा पिंजऱ्यावर चढायला लागला. चेहऱ्यावर रुसून निघालेल्या आणि वाटेतून परत आलेल्या पाहुण्याचं हसू. पुढे छताची जाळी सुटून तो दुसऱ्यांदा खाली गेला, दात फुटला, आणि शेवटी रीतसर हरला. ते चढणं मात्र कामगिरी. पडण्याची पुढची तयारी स्वतःच्या पायांनी करणं, हे पाहिल्यावर मग त्या पहिल्या पडण्यालाही अर्थ येतो.

कोणी म्हणेल, तुमचा पडणारा एवढा थोर, तर मारणाऱ्याची गरजच काय? उत्तर जपानने दिलं आहे: फारशी नाही. डीडीटी नावाच्या तिथल्या कंपनीत योशिहिको नावाचा एक मल्ल आहे, आणि तो बाहुली आहे. माणसाच्या आकाराची, निर्जीव, पोकळ. कोटा इबुशी हा अव्वल दर्जाचा रेसलर तिच्याशी लढला. बाहुलीने त्याला फिरवून आपटलं, मानेवर आदळलं, गळा आवळून धरलं, आणि प्रेक्षक श्वास रोखून बघत होते की आता हा सुटतो की नाही. उडी इबुशीची, गिरकी इबुशीची, आदळणं इबुशीचं आणि दरारा बाहुलीचा. एकाने दोघांची कुस्ती करण्याचा याहून स्वच्छ प्रयोग मला माहीत नाही. आपल्याकडे पुष्कळ कचेऱ्यांत साहेब असेच चालतात, पण तिथे तिकीट लावत नाहीत.

राहिला पैशांचा प्रश्न, की पट्टा आणि मोठी रक्कम जिंकणाऱ्यालाच का? त्याला माझ्याकडे तर्कशुद्ध उत्तर नाही, फक्त उदाहरण आहे. लग्नात हार नवरदेवाला आणि घाम मुलीच्या बापाला, हे आपण तितक्याच निमूटपणे चालवून घेतो. पण निदान एका पडेल पहिलवानाने यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. बॅरी हॉरोविट्झ हा अमेरिकेतला नामांकित हरणारा. वर्षानुवर्षं नव्या नव्या मल्लांना मोठं करायला त्याला पाठवायचे आणि तो जाऊन नेमाने पडायचा. १९९५ साली टीव्हीवरच्या एका सामन्यात तो चक्क जिंकला, तेव्हा समालोचकाचा ओरडून ओरडून घसा बसायची वेळ आली. एरवी त्याची एक लकब होती. तो हात मागे नेऊन आपली पाठ आपणच थोपटायचा, आणि त्याच्या जाकिटाच्या पाठीवर पंजाचा ठसाही होता. मराठीत या कृतीला आपण नावं ठेवतो. त्याची अडचण समजून घ्यायला हवी: थोड्याच वेळात ती पाठ दुसरं कोणीतरी गादीला लावणार होतं. त्याआधी एकदा थोपटून ठेवलेली बरी.