बसलेल्या दुकानांचे दाजी

असा एक दाजी तुमच्याही तालुक्यात असणार. कुणाचं दुकान बसलं की घेणेकऱ्यांच्याही आधी हा हजर. आमचे दाजी हिंगोलीचे. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठंही भरदुपारी शटर अर्धं खाली दिसलं की यांची मोटरसायकल आपोआप थांबते. बुडीत दुकान घ्यायचं, उभं करायचं, पटलं तर चालवायचं, नाहीतर विकून मोकळं व्हायचं, हा त्यांचा धंदा. आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना छळायचं, हा छंद.

छळाचं हत्यार म्हणजे त्यांच्या उजव्या हाताचं बोट. दुकानात शिरल्यावर रामराम नाही, कसं काय नाही. थेट वरच्या फळीवर बोट फिरवणार, डोळ्यांजवळ नेणार आणि निकाल देणार, "दोन दिवाळ्या झाल्या. पडून माल." दुकानदार म्हणतो, "नाही हो दाजी, परवाच भरला." दाजी बोट त्याच्या नाकासमोर धरतात. तो गप्प होतो.

इथवर ठीक होतं. पण ते बोट दुकानात थांबत नाही. एका लग्नात ते रुखवतावरच्या घागरीवर फिरलं. "ही मागच्या लग्नातली हाय," दाजी मोठ्यानं म्हणाले. होती खरीच. जेवणाची पंगत त्यामुळं तासभर उशिरा बसली. एका पुढाऱ्याच्या कार्यालयात ते विकासकामांच्या फायलींवर फिरलं. पुढारी हसले, दाजी हसले नाहीत. माझ्याकडं आले तेव्हा पुस्तकांच्या कपाटावर फिरलं. "मास्तर, ह्या मालाला उठाव नाही. कामून भरून ठेवला?" त्यांना दुसरा चहा माझ्या बायकोनं न मागता दिला. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, त्याचीही दाजींची उपपत्ती ठरलेली, "परभणीच्या वरच्या फळीवर पडून होतो आपण. काढून पुढं मांडलं, तवा कुठं लोकांना दिसलो."

दुकान घ्यायची त्यांची रीत मात्र ऐकण्यासारखी आहे. विकणारा विक्रीची वही पुढं करतो, दाजी ती उघडतही नाहीत. "वहीत मालक लिहितो, मीटरमधी तर कुणी लिहीत नाही," म्हणून लाइटचं बिल मागतात. ठोक व्यापाऱ्याकडं जाऊन या दुकानाला अजून उधार माल मिळतो का, ते काढून घेतात. जागा भाड्याची असली तर आधी जागामालकाला भेटतात. दुकानदाराला पैसे मोजून बसलो आणि जागामालक कोर्टात गेला, तर उभा राहतो तो फक्त वकिलाचा धंदा. मग समोरच्या टपरीवर बैठक, एकदा बाजाराच्या दिवशी, एकदा आडवारी. आत किती गिऱ्हाइकं गेली ते दाजी मोजत नाहीत. रिकाम्या हातानं किती बाहेर आली आणि पुढं कुठल्या दुकानात शिरली, ते बघतात. मधल्या वेळात बोट टपरीवाल्याच्या बरणीवर. तो आता दाजी लांबून दिसले तरी बरण्या पुसायला घेतो.

ताबा मिळाला की पहिल्यांदा पडून माल खरेदीच्या भावात, वेळ पडली तर त्याखालीही, बाहेर. म्हणतात, "10 रुपये सुटतील म्हणून वर्षभर धूळ पुसण्यापेक्षा 1 रुपया महिन्यातून चारदा सुटू द्या. वर्षाचे 48 होतात." सुटलेल्या पैशात साखर, तेल, चहापत्ती, साबण. यात नफा चिमूटभर, पण त्यापायी माणूस रोज दुकानात येतो. येता-जाता त्याची नजर मसाल्यांवर पडते. नफा तिथं.

आता एवढं लिहिल्यावर चार बरे शब्द लिहायची वेळही दाजींनी आणलीच आहे. औंढ्याकडचं एक किराणा दुकान त्यांनी घेतलं. म्हातारा मालक उधारीत बुडालेला. कुणी सोयाबीन निघाल्यावर देणार, कुणी हळद विकल्यावर. असं दुकान घेणारा उधारीची वही पाव किमतीत मागतो आणि वसुलीला दांडगी पोरं लावतो. दाजींनी वही म्हाताऱ्याकडंच परत सरकवली. "बाबा, वसुली तुमची. सकाळी गल्ल्यावर तुम्हीच बसायचं. पगार देतो." हळद शिजली, वाळली, मोंढ्यात गेली आणि माणसं येऊ लागली. मोबाइलवर भाव बघून घासाघीस करणारी पोरंही म्हाताऱ्यापुढं मान खाली घालून बापाची उधारी मोजायला लागली. मोजून झाल्यावर तसंच कसं जायचं, म्हणून किराणाही घ्यायला लागली. उधारीचे पैसे म्हाताऱ्याच्या खिशात, किराण्याचे दाजींच्या गल्ल्यात.

ही माया की हिशेब, ते मला आजवर उमगलेलं नाही. सरळ विचारलं, तर उत्तर द्यायचं सोडून त्यांनी माझ्या चष्म्याच्या काचेवर बोट फिरवलं.

नवं दुकान निघालं की फीत कापायला पुढारी येतात, पेढे खायला आपण जातो. तेच दुकान बसायला लागलं की आपण पलीकडच्या फुटपाथनं जातो. तेव्हा आत शिरतो तो असला दाजीच. म्हणून सांगतो, दुकान बसलंच असेल तर लाज न बाळगता त्याला बोलवा. फक्त तो यायच्या आधी फळ्या पुसू नका. नुकती पुसलेली फळी तो सगळ्यात आधी ओळखतो, आणि मग भाव पाडतो.