बुफरचे जहागीरदार

हैदराबाद संस्थानातील जहागिऱ्या 1949 साली खालसा झाल्या, असे इतिहास सांगतो. परंतु सोयाबीनचा हंगाम बरा गेला, की लातूरच्या मोंढ्यातून दरसाल एक तरी नवा जहागीरदार उदयास येतो, आणि त्याच्या आगमनाची वर्दी, त्याची गाडी गल्लीत वळण्यापूर्वीच, आपल्या घरच्या मांडणीवरील भांडी देतात. जहागिरी एवढीच, की डिकीत 12 इंची दोन बुफर स्पीकर विराजमान असून त्यांच्या कृपेने तेथे सासऱ्यांच्या वळकटीस देखील ठाव उरलेला नसतो.

या जहागीरदारांचा हाडवैरी एकच : फ्यूज. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, जाड तांबड्या वायरीच्या उगमाशी बसलेला हा बापडा चौकीदार, वायर पत्र्याला घासून उघडी पडली अथवा अँप्लिफायरने ऐपतीबाहेर करंट ओढला, की स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. परंतु चोरीची वर्दी देणाऱ्या शिपायालाच प्रथम बडतर्फ करावे, हा आमच्या जहागीरदारांचा इन्साफ. फ्यूज वायरीच्या जाडीवरून ठरतो, मालकाच्या हौसेवरून नव्हे, हा कायदा त्यांस नामंजूर. 30 अँपिअरचा हिरवा जळाला, तेव्हा त्यांनी 40 चा नारंगी नेमला. तोही स्वामिकार्यी पडताच सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून तिची त्या जागी कायम नेमणूक केली.

गतवर्षी वैशाखात एका वरातीसाठी याच जहागीरदारांच्या गाडीतून आम्ही नांदेडला निघालो. अहमदपूरपर्यंत माझे काळीज आणि मागची काच एकाच तालात थरथरत होती. (या वयात काळजाने स्वतःचा ताल सांभाळावा, असे डॉक्टरांचे मत आहे.) लोहा ओलांडल्यावर अकस्मात शांतता पसरली, आणि तिच्यामागोमाग जळक्या वार्निशाचा उग्र दर्प.

नांदेडला हिंगोली गेटाजवळच्या मिस्त्रींनी मुनसफाच्या गांभीर्याने तपास आरंभिला. बुफरच्या वायरी अँपपासून सोडवून त्यांनी नवा फ्यूज बसवला. तो टिकला, म्हणजे अँप निर्दोष सुटला. मग मीटर लावले. 4 ओहमच्या कॉईलने साडेतीनच्या आसपास जबाब द्यावा. एकीने जबाबच दिला नाही, आणि दुसऱ्या बुफरचा पडदा तळव्याने दाबताच आतून खरखर ऐकू आली. अँपचा गेन पुरता पिळल्याने कॉईल तापली, तिचे वार्निश जळून वेढे एकमेकांस भिडले, करंट वाढला. फ्यूज दोनदा हेच ओरडून सांगत होता.

"मालक, फ्यूज कशामुळं उडायलाय ते बघायचं सोडून तुम्ही त्याचंच तोंड बंद करायलाव."

जहागीरदारांनी ही कैफियत नतमस्तक होऊन ऐकली, क्षणभर विचार केला, आणि अतीव नम्रतेने पृच्छा केली :

"ते समदं खरं हो, पण दोन चांद्या टाकल्या असत्या, तर वरातीपुरतं तरी भागलं असतं का?"