कार्डामागचे तीन आकडे मागणाऱ्या साहेबांस

माननीय 'बँकवाले' साहेब,



आपला आवाज आता राजुऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत ओळखीचा झाला आहे. 'मैं बैंक से बोल रहा हूँ, आपका कार्ड बंद हो जाएगा' म्हणायचं आणि कार्डाच्या पाठीवरचे तीन आकडे मागायचे. एवढ्या हुशार माणसावर दारोदार मागत फिरायची पाळी यावी, याचं आम्हांला वाईट वाटतं.

दोष त्या आकड्यांचाच. कार्डाचा नंबर आणि त्याची मुदत घेऊन बँक आपल्या गुप्त किल्लीनं हिशेब करते, तेव्हा ते तीन आकडे निघतात. ते कार्डावर नुसते छापलेले असतात. काळ्या पट्टीत दुसराच आकडा असतो, चिपमध्ये तिसराच. म्हणून एटीएममध्ये यंत्र चिकटवून आपण पट्टीची नक्कल केलीत, तरी ऑनलाइन खरेदीला अडून बसता. बरं, दुकानदाराचा संगणक फोडावा, तर व्यवहार मंजूर झाल्यावर हे आकडे साठवून ठेवायला कार्ड कंपन्यांच्या नियमांत मनाई आहे. अंदाजानं ठोकावेत, तर शक्यता हजार, आणि चार-दोन चुकांत बँक कार्ड अडवते. त्यावर रिझर्व्ह बँकेनं १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन खरेदीला आणखी एक खातरजमा सक्तीची केली. आता बहुतेकदा तोच तो ओटीपी.

ओटीपीचं आमच्याकडे निराळंच. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. नेटवर्क गेलं तर ओटीपी पोचेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. तालुक्याच्या या अभेद्य सुरक्षा योजनेचं श्रेय घ्यायला अजून कोणी पुढारी पुढे आलेला नाही, हे नवल.

परदेशातली कित्येक संकेतस्थळं ओटीपी विचारत नाहीत, तीन आकड्यांवर काम भागवतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण २०२० पासून नवं कार्ड परदेशी आणि ऑनलाइन खरेदीसाठी बंदच मिळतं. ग्राहकानं स्वतः सुरू करावं लागतं. म्हणजे सगळ्या वाटा बुजल्या. उरला फक्त कार्डाचा मालक. तो मात्र, खरं सांगायचं तर, आम्हीच आपल्यासाठी तयार करून ठेवला आहे.

२०१४ नंतर जनधनचं रुपे कार्ड पाड्यापाड्यावर पोचलं. त्यावरही मागं तेच तीन आकडे. ते कशासाठी, हे मात्र कोणी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच : आधार आणा, केवायसी करा, अंगठा लावा, नाहीतर धानाचे पैसे अडकतील. साहेबानं नंबर मागितला की द्यायचा. 'काहून जी?' म्हणून विचारणाऱ्याला पुढच्या सोमवारी बोलावायचं. इतकी वर्षं सरकारी खर्चानं ही तालीम झाल्यावर आपण एका फोनवर आयतं पीक कापता. तेंदूपत्त्याची मजुरी खात्यात पडली, आणि 'बोनस अडकला आहे, आकडे सांगा' असा आपला फोन आला, की म्हातारा चष्मा शोधू लागतो. खात्यात पैसे यायला हे आकडे लागतच नाहीत, जायलाच लागतात, हे वाक्य बँकेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत का नसावं? भिंतीवर कर्जाच्या जाहिराती असतात, तिथं जागा नसेल.

रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक तर आपल्या बाजूचंच वाटावं. ग्राहकानं आपल्या तोंडानं आकडे सांगितले, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा. कळवल्यावर पुढचा बँकेचा. म्हणून लोक आता लगेच बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावू लागले आहेत. आपल्या धंद्याला हे बरं लक्षण नाही.

तेव्हा एक सुचवतो. आमच्या वडशाला झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक मंडळ्या आहेत. धान निघालं की गावोगावी रात्रभर प्रयोग चालतात. बँक मॅनेजर, वीज मंडळाचा अधिकारी, हल्ली तर व्हिडिओवर अटक करणारा फौजदार, एवढ्या भूमिका एकटा वठवणारा खलनायक त्यांना कुठे मिळणार? मानधन ठरलेल्या दिवशी मिळेल. खात्यात हवं असेल, तर आपल्या कार्डामागचे तीन आकडे तेवढे कळवा.

आपला,
एक रुपे कार्डधारक