नसलेल्या जागेची पावती

गिरगाव ते लालबाग मोकळी जागा उरली नाही, अशी ओरड करणाऱ्यांना महापालिकेचा हिशेब कळलेला नाही. इमारतीभोवती नियमाएवढी जागा सोडता येत नसेल, तर बिल्डरने त्या तुटीपोटी प्रीमियम भरायचा. पैसे जमा झाले की तूट मिटली. शेजारणीच्या खिडकीत हात घालून वाटीभर साखर घेता येते, हा फायदा वरकड. त्यावर अजून शुल्क नाही.

राज्य सरकारचं मन त्याहून मोठं. १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश हिस्सा बागा-मैदानांसाठी महापालिकेला आणि तेवढाच म्हाडाला मिळणार होता. २००१मध्ये ठरलं, वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेची. वाटा आटला आणि बागांना पाणी घालण्याच्या कटकटीतून पालिका सुटली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल ग्राह्य धरला. २०२१मध्ये तर बांधकाम प्रीमियमवर पन्नास टक्के सूट आली. नसलेली जागा निम्म्या भावात, तीही दिवाळीची वाट न बघता!

ही सोय आता सामान्यांनाही मिळावी. परळ स्टेशनच्या जिन्यावर पाय टेकायला जागा नसेल, तर पाऊल-तूट प्रीमियम. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नसेल, तर दाब-तूट. अर्ज वॉर्ड ऑफिसात घ्यावेत. तिथे खिडकी उघडायला जागा नसेलच. मग पालिकेने स्वतःच स्वतःला प्रीमियम भरावा आणि रीतसर पावती घ्यावी. अर्थात, सवलतीच्या दराने.