डेडस्टॉकमधले नाना

नानांच्या घरी गेलात तर कुठे बसायचं ते आधी विचारून घ्या. खुर्च्या सात, पण त्यातल्या पाच "बघायच्या" आहेत. आपण उभ्यानेच चहा पितो. काकू मात्र निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन खुशाल शेंगा सोलत असतात.

दर रविवारी नाना पुण्याच्या जुन्या बाजारात. खुर्ची ते सुलटी बघतच नाहीत. पालथी घालतात, सांधे चाचपतात, पॉलिश न लागलेल्या खालच्या फळीला नाक लावतात आणि ओरडतात, "बर्मा टीक!" विकणारा लगेच पाचशे वाढवतो.

दिव्याचंही तेच. कातीव शिसवी खांबाचा, कापडी वेष्टणाच्या वायरचा एक टेबललॅम्प आहे. वायर कुजली आहे, पण मूळची म्हणून बदलायची नाही. त्यामुळे तो दोन वर्षांत एकदाही लागलेला नाही. रात्री नाना मोबाईलची बॅटरी मारून तो दिवा आम्हाला दाखवतात.

मग गाडी चंदीगडवर येते. चंदीगड शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिएच्या भावकीतला वास्तुकार पिएर जानरे 1951मध्ये तिथे आला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान-वेताच्या, तिरक्या पायांच्या खुर्च्या केल्या. पुढे कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या आणि परदेशातल्या लिलावांत त्या लाखोंना जाऊ लागल्या. लाकडावर रंगवलेला कचेरीचा नंबर आता अस्सलपणाची खूण झाला आहे. इथे नानांचा आवाज चिरकतो. "गाढवांनी कवडीमोलाने फुंकल्या हो!"

गेल्या रविवारी नानांनी चार हजारांना एक हातांची खुर्ची आणली. चंदीगडची नव्हे, पण पाठीवर पांढरे आकडे होते. आकड्यांआधीची अक्षरं मी वाचली.

"नाना, ही तर तुमच्याच कचेरीची."

नानांनी तिथे एकतीस वर्षं काढली, शेवटची काही निर्लेखन समितीवर. डेडस्टॉक रजिस्टरमधून काय कमी करायचं, त्यावर सही त्यांचीच.

नाना बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवत राहिले.

"चाळीस रुपयांत गेली होती," ते म्हणाले. "पाय डुगडुगत होता ना हिचा."

"आणि आता?" काकूंनी शेंग फोडत विचारलं.

मी वाकून पाहिलं. मागच्या पायाखाली काडेपेटी होती.